नाकाकडून आकड्याकडे : आपल्या हवेचा इतिहास

सोसायटीच्या इमारतीचा इतिहास याच अंकात सेक्रेटरींनी लिहिला आहे. मी आपल्या चेंबूरच्या हवेचा लिहितो.

मुंबईत धुराची तक्रार जुनीच. गिरण्यांच्या धुरांड्यांच्या काळात, १९१२ साली, धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला. पुढे १९५४-५५ च्या सुमारास तुर्भे-माहूलकडे तेलशुद्धीकरण कारखाने आले आणि चेंबूरला लोक ‘गॅस चेंबर’ म्हणू लागले. १९७० मध्ये राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस केईएमच्या डॉ. एस. आर. कामत यांच्या पथकाने मुंबईतल्या वस्त्या आणि खेडी यांतल्या लोकांची तपासणी केली. प्रदूषित भागांत खोकला आणि दम जास्त आढळला.

आपण २००० साली इथे राहायला आलो, तेव्हा हवा नाकानेच मोजायचो. वास आला की खिडक्या बंद. पुढे इंधनातले गंधक कमी झाले, टॅक्सी-रिक्षा सीएनजीवर गेल्या, वास उतरला. आम्हाला वाटले, सुटलो.

पण सूक्ष्म धुळीला, म्हणजे पीएम २.५ ला, वास नसतो. हे कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे. ते फुप्फुसात खोलवर जातात, काही रक्तातही उतरतात. म्हणून दम्याबरोबर हृदयविकार आणि पक्षाघाताचाही धोका वाढतो. आपल्या देशाच्या मानकांत हे कण २००९ साली आले आणि २०१५ पासून राष्ट्रीय हवा निर्देशांक सुरू झाला.

बँकेत आम्ही टोटल मारायचो. इथे तसे नाही. आठ प्रदूषकांपैकी ज्याचा आकडा सर्वांत वाईट, तोच त्या दिवसाचा निर्देशांक. ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, त्यापुढे खराब. मात्र ‘समाधानकारक’ला फसू नका. १०० म्हणजे दिवसाच्या सरासरीने घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम पीएम २.५, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा १५ आहे.

हे मला उशिरा कळले. सौ.ला दमा. ‘पहाटेची हवा शुद्ध’ म्हणून मीच तिला डिसेंबरात साडेपाचला फिरायला न्यायचो आणि घरी आल्यावर ती तासभर धापा टाकायची. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा गार, वरची त्यामानाने उबदार. त्यामुळे धूळ-धूर खालीच कोंडतो. डॉक्टरांनी सांगितल्यावर आम्ही आकडा बघून, ऊन वर आल्यावर निघू लागलो. तिचा पंप सुटला नाही, पण कमी लागतो.

आणखी एक कबुली. मागच्या गेटाजवळ माळी पालापाचोळा जाळायचा. ते बंद करण्याचा ठराव आला, तेव्हा ‘एवढ्याशा धुराने काय होतंय?’ असे म्हणून विरोध करणारा मीच होतो. ठराव पुढच्या वर्षी पास झाला, तोवर एक हिवाळा गेला. त्या कोपऱ्यावर तळमजल्याच्या दोन घरांच्या खिडक्या उघडतात आणि दोन्ही घरांत लहान मुले होती. मोजणी केंद्र काही किलोमीटरवर असते. आपल्या गेटाजवळच्या धुराची नोंद तिथे होत नाही. ती आपणच ठेवायची.

आता पाला खड्ड्यात जातो, खत होते. येत्या वर्षी समोरच्या बिल्डिंगचे पाडकाम सुरू होईल. हिरवे कापड आणि पाणी मारणे या दोन अटी कमिटीने बिल्डरकडून आधीच लेखी घ्याव्यात, एवढी या म्हाताऱ्याची विनंती.