कॉलेजांचे संघ आणि त्यांचे प्रेक्षक

अमेरिकेंतील कॉलेजांच्या बास्केटबॉलकडे दुरून पाहणाराला एक कोडें पडतें. मार्च महिना उजाडला कीं ६८ संघांची मोठी स्पर्धा सुरू होते आणि तीन आठवडे सारा देश तिच्या नादीं लागतो. पण त्याआधींचे चार महिने पहिल्या श्रेणींतील साडेतीनशेंहून अधिक कॉलेजांचे संघ जे सामने खेळतात, त्यांतील कित्येकांना रिकाम्या खुर्च्यांचीच सोबत असते. कारण विचारलें तर तीन उत्तरें ठरलेलीं असतात: धंदेवाईक संघांनीं प्रेक्षक पळविला, फुटबॉलनें लोकांचें लक्ष ओढलें, आणि घरबसल्या पडद्यावर सामना दिसूं लागल्यामुळें उठून जाण्याची कोणाला गरज उरली नाहीं. हीं उत्तरें खोटीं नाहींत, पण अपुरीं आहेत. हीं संकटें थोड्याफार फरकानें सर्वांवरच आलीं. तरीहि कांहीं गांवीं प्रेक्षक टिकला आणि कांहीं ठिकाणांहून तो निघून गेला. असें कां झालें, हें पाहण्यासाठीं आज आपण दोन इतिहास शेजारीं ठेवून पाहूं. एक न्यूयॉर्क शहराचा, दुसरा केंटकी संस्थानाचा.

हा खेळ जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें १८९१ सालच्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड येथें काढला. हिवाळ्यांत बाहेरचीं मैदानें बंद पडत, म्हणून छपराखालीं खेळतां येईल असा खेळ त्याला हवा होता. पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला अडकविल्या, १३ नियम लिहून काढले, आणि खेळ सुरू झाला. जागा थोडी, साहित्य थोडें, खेळाडूहि थोडे. त्यामुळें गरीब कॉलेजांनाहि तो परवडला. सामने व्यायामशाळेंत होत, आणि पाहावयास विद्यार्थी व आसपासचे लोक येत.

न्यूयॉर्कमध्यें हें चित्र प्रथम पालटलें. १९३१ सालीं, मंदीच्या दिवसांत, बेकारांच्या मदतीसाठीं मॅडिसन स्क्वेअर गार्डन या भव्य क्रीडागृहांत कॉलेजांचे सामने भरविण्यांत आले, आणि त्यांना लोटलेली गर्दी पाहून सारे चकित झाले. नेड आयरिश नांवाच्या एका वृत्तपत्रांतील क्रीडालेखकानें त्यांतला व्यापार ओळखला. एका कॉलेजाच्या खचाखच भरलेल्या व्यायामशाळेंत खिडकींतून शिरतांना त्याची विजार फाटली आणि तेव्हांच ही कल्पना त्याला सुचली, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, २९ डिसेंबर १९३४ रोजीं त्यानें गार्डनमध्यें एका रात्रीं दोन सामने लावले आणि सोळा हजारांहून अधिक माणसें तिकिटें काढून आलीं. १९३६ सालीं स्टॅनफर्डच्या हँक लुइसेट्टीनें एका हातानें चेंडू फेकण्याची आपली तऱ्हा येथेंच दाखविली. १९३८ पासून निमंत्रितांची राष्ट्रीय स्पर्धा येथेंच भरूं लागली. कॉलेजांच्या मध्यवर्ती मंडळाची स्पर्धा तिच्यानंतर एक वर्षानें, १९३९ सालीं निघाली.

या वैभवाचा कळस म्हणजे १९५० सालचा मार्च महिना. न्यूयॉर्कचें सिटी कॉलेज ही त्या काळीं फी न घेणारी संस्था होती. गरीब घरांतल्या, परदेशांतून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांतल्या मुलांचें तें आशास्थान. नॅट होल्मन यांच्या हाताखालीं तयार झालेल्या त्याच्या संघांतील पांच प्रमुख खेळाडूंपैकीं तिघे ज्यू होते व दोघे कृष्णवर्णीय. या पोरांनीं निमंत्रितांच्या स्पर्धेंत बलाढ्य केंटकीला ८९ विरुद्ध ५० गुणांनीं धूळ चारली, आणि दहा दिवसांच्या अंतरानें दोन्ही राष्ट्रीय अजिंक्यपदें गार्डनमध्येंच मिळविलीं. एकाच वर्षीं दोन्ही पदें मिळविण्याचा पराक्रम दुसऱ्या कोणत्याहि कॉलेजाला साधलेला नाहीं.

पण त्या गर्दींत सारेच खेळासाठीं आलेले नव्हते. कोण जिंकेल यापेक्षां किती गुणांनीं जिंकेल यावर पैज लावण्याची रीत १९४० च्या सुमारास फैलावली होती. या रीतींत एक भयंकर मोह दडलेला होता. खेळाडूला हरावें लागत नसे; फक्त ठरलेल्या अंतरापेक्षां थोड्या कमी गुणांनीं जिंकावें लागे. कॉलेजाचा विजय झाला, मित्र खूष झाले आणि खिशांत पैसेहि पडले, मग पाप तें कोठें, अशी मनाची समजूत घालतां येई. शिवाय ज्या खेळावर गार्डनचे मालक गबर होत होते, त्यांतील एक पैहि उघडपणें खेळाडूच्या हातीं येत नव्हती, ही गोष्टहि विसरून चालणार नाहीं.

जानेवारी १९५१ मध्यें मॅनहॅटन कॉलेजाचा ज्यूनियस केलॉग या खेळाडूनें हजार डॉलरांची लांच नाकारली व ती गोष्ट आपल्या शिक्षकास सांगितली. सरकारी वकील फ्रँक होगन यांनीं तपास सुरू केला. फेब्रुवारींत सिटी कॉलेजाचा संघ फिलाडेल्फियांतील सामना जिंकून आगगाडीनें परतत असतां त्याच्या खेळाडूंना ताब्यांत घेण्यांत आलें. पुढें सात कॉलेजांतील तीसहून अधिक खेळाडू या प्रकरणांत गोंवले गेले. लाँग आयलंड विद्यापीठानें आपला संघ १९५७ पर्यंत बंद ठेवला. सिटी कॉलेजानें मोठ्या स्पर्धा सोडल्या व तें कायमचें लहान श्रेणींत गेलें. न्यूयॉर्क विद्यापीठानेंहि १९७१ सालीं वरच्या दर्जाचा खेळ सोडून दिला. कॉलेजांच्या मध्यवर्ती स्पर्धेचा अंतिम सामना १९५० नंतर गार्डनमध्यें पुन्हां झाला नाहीं.

लबाडी उघडकीस आली, म्हणून प्रेक्षक गेला, असें म्हणून येथेंच थांबतां आलें असतें. पण मग केंटकीचें काय? १९५१ च्याच ऑक्टोबरांत केंटकी विद्यापीठाचे तीन माजी खेळाडूहि त्याच आरोपाखालीं पकडले गेले. आणि तेथील शिक्षक अॅडॉल्फ रप यांना तर आपल्या मुलांच्या सचोटीचा मोठा अभिमान होता. १९५२–५३ चा संपूर्ण हंगाम संघाला बंद ठेवावा लागला. नाचक्की न्यूयॉर्कइतकीच मोठी होती. पण त्या बंदीच्या वर्षीं संघानें आपसांतच सराव-सामने खेळले, आणि तेहि पाहावयास हजारों लोक आले! दुसऱ्या वर्षीं संघ परतला तो २५ पैकीं २५ सामने जिंकून. घाव सारखाच, एक देह त्यानें कोसळला, दुसरा पुन्हां उभा राहिला.

हा फरक कशाचा? न्यूयॉर्कच्या कॉलेजांचा प्रेक्षक खरें म्हणजे कॉलेजांचा नव्हताच; तो गार्डनचा होता. विद्यार्थी घरून भुयारी गाडीनें येत व संध्याकाळीं परत जात. खेळ दुसऱ्याच्या छपराखालीं, दुसऱ्याच्या हिशेबानें चाले. म्हणून विश्वास उडतांच परत येण्याजोगें घर राहिलें नाहीं. शेजारीं निक्स हा धंदेवाईक संघ १९४६ पासून होताच. आरंभीं या बिचाऱ्याला कॉलेजांच्या सामन्यांमुळें गार्डनमध्यें तारखा मिळत नसत व आपले बहुतेक घरचे सामने एका पलटणीच्या शस्त्रागारांत खेळावे लागत. आतां त्याला मोकळी वाट मिळाली. धंदेवाईक संघानें प्रेक्षक पळविला, असें म्हणण्यापेक्षां कॉलेजांच्या हातून निसटलेला प्रेक्षक त्यानें उचलला, हें म्हणणें अधिक खरें होय.

केंटकींत गोष्ट निराळी होती. रप तेथें १९३० पासून १९७२ पर्यंत, म्हणजे बेचाळीस वर्षें शिक्षक होते. लेक्सिंग्टन गांवांत विद्यापीठानें १९५० सालीं साडेअकरा हजार प्रेक्षकांचें स्वतःचें क्रीडागृह बांधलें होतें. ज्यांना तेथवर जातां येत नसे, त्यांच्याकडे सामना रेडिओवरून जाई. कोळशाच्या खाणींच्या मुलखांत जन्मलेला कॅवूड लेडफर्ड १९५३ पासून १९९२ पर्यंत हे सामने लोकांना ऐकवीत होता. हजारों घरांत बापानें ऐकलेला आवाज मुलानेंहि ऐकला. तेथें संघ ही करमणूक नव्हती. ती घरची गोष्ट होती. घरच्याचें चुकलें तर आपण त्याला रागावतों, पण दार बंद करीत नाहीं.

अर्थात् या आपलेपणालाहि काळी बाजू होती. १९७० पर्यंत केंटकीच्या मुख्य संघांतून एकहि कृष्णवर्णीय खेळाडू खेळला नाहीं. आपला कोण आणि परका कोण, याची रेघ कातडीच्या रंगावरून ओढली जात होती. त्या मानानें पाहिलें तर सिटी कॉलेजाचा कोसळलेला संघच उद्यांच्या अमेरिकेचें अधिक खरें चित्र होता, आणि म्हणूनच त्याचें पडणें मनाला अधिक लागतें.

आपलेपणा विजयावर अवलंबून नसतो, याचा पुरावाहि केंटकीनेंच दिला. १९८९ सालीं नियमभंगाबद्दल या विद्यापीठाला पुन्हां शिक्षा झाली आणि दोन वर्षें मार्चच्या स्पर्धेचें दार बंद झालें. कित्येक खेळाडू सोडून गेले, चौघे राहिले. त्यांतले तिघे केंटकीचेच. १९९२ सालीं हा संघ ड्यूक विद्यापीठाकडून जादा वेळांत, शेवटच्या क्षणींच्या एका फेकीनें, १०४ विरुद्ध १०३ असा हरला. राष्ट्रीय अजिंक्यपद न मिळविलेल्या त्या चौघांच्या नांवाचे अंगरखे विद्यापीठानें क्रीडागृहाच्या छताखालीं सन्मानानें टांगले. लोकांनीं गौरव केला तो राहण्याचा, जिंकण्याचा नव्हे.

आतां आजच्या स्थितीकडे वळूं. धंदेवाईक संघांच्या २००६ पासूनच्या वयाच्या नियमामुळें उत्तम खेळाडू एक वर्ष कॉलेजांत काढतात व निघून जातात. २०२१ पासून वर्ष फुकट न घालवितां कॉलेज बदलण्याची मुभा मिळाली. २०२४ पासून ती कितीहि वेळां घेतां येते. २०२५ पासून कॉलेजें खेळाडूंना उघडपणें मोबदला देऊं लागलीं. यांत खेळाडूंवर अन्याय आहे असें कोणी म्हणूं नये. शिक्षकांना लाखों डॉलर मिळत असतां खेळणाऱ्यांनीं उपाशी राहावें, ही जुनी रीत न्यायाची नव्हतीच. १९५१ चें विष तिच्यांतूनच उगवलें. पण या न्यायाची किंमत प्रेक्षक मोजतो. त्याला दरवर्षीं नवीं नांवें पाठ करावीं लागतात, आणि ओळख होते न होते तोंच निरोपाची वेळ येते.

तरी ही वाट अगदींच बंद झालेली नाहीं. २०२४ च्या एप्रिलांत स्त्रियांच्या अंतिम सामन्याला पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षां अधिक लोकांनीं दूरचित्रवाणीवर पाहिलें. असें पूर्वीं कधींच घडलें नव्हतें. त्या सामन्यांतील सर्वांत प्रसिद्ध खेळाडू केटलिन क्लार्क ही आयोवा संस्थानांतली मुलगी, आपल्याच संस्थानाच्या विद्यापीठांत चार वर्षें राहून खेळलेली. २०२५ सालीं न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स विद्यापीठानें पंचवीस वर्षांनंतर आपल्या गटाच्या स्पर्धेचें विजेतेपद पटकाविलें, तेंहि गार्डनमध्येंच, आणि तें भव्य क्रीडागृह कॉलेजाच्या नांवानें पुन्हां दुमदुमलें. त्या संघांतील कित्येक खेळाडू मात्र इतर कॉलेजांतून आलेले होते. ते निघून गेल्यावर ती गर्दी राहील काय, हा खरा प्रश्न आहे.

गर्दी जमविणें अवघड नाहीं. नेड आयरिशनें ती एका रात्रींत जमविली. पण प्रेक्षक हा गर्दीहून वेगळा असतो. तो संघाला आपला म्हणतो, आणि त्याच्या मोबदल्यांत दोनच गोष्टी मागतो: डोळ्यांसमोर चाललेला खेळ खरा असावा, आणि ज्याला टाळी दिली तो उद्यांहि ओळखीचा असावा. पहिली गोष्ट न्यूयॉर्कनें एका वर्षांत गमावली, आणि तिला पाऊणशें वर्षें होत आलीं तरी तिची पुरती भरपाई झालेली नाहीं. दुसरी गोष्ट आज देशभर, कोणाचा विशेष अपराध नसतांना, हळूहळू हातांतून सुटत आहे.