मोटारीचा गंज आणि कामगाराचे हात

वसंतातल्या व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर बोलावे, इतिहासावर बोलावे, फार तर विज्ञानयुगावर बोलावे. पण गंजलेल्या मोटारगाडीवर काय बोलावयाचे, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. आम्ही पंडित नव्हे. दहावीनंतर शाळा सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावरील सभांत झाले. तीस वर्षे कामगार संघटनेचे काम केल्यावर एका जुन्या गाडीने आम्हांला एक धडा शिकविला. तो आमच्या एका चुकीचा धडा आहे, म्हणून तो चारचौघांत सांगितला पाहिजे.

आमच्या संघटनेत एक जुने सभासद आहेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. मोटारींच्या सुट्या भागांच्या एका कारखान्यात ते सव्वीस वर्षे प्रेसवर होते. पत्रा ठेवावयाचा, दोन्ही हातांनी दोन बटणे दाबावयाची, दाराचा आकार घेऊन आलेला पत्रा उचलावयाचा, पुन्हा नवा पत्रा ठेवावयाचा. एका सकाळी फाटकाला कुलूप दिसले. हिशेबाची रक्कम हाती पडण्यास चार वर्षे लागली. त्या रकमेतून मुलीचे लग्न झाले, घराचे छप्पर झाले आणि उरलेल्या पैशांतून अण्णांनी भंगाराच्या भावाने १९६७ सालची एक फियाट आणून परसात उभी केली. घरच्यांनी दोन दिवस अबोला धरला. आम्हीही म्हणालो, "अण्णा, या वयात हे काय काढलेत?" अण्णा म्हणाले, "भाऊ, जन्मभर दारे केली. एकदा गाडी करून बघतो."

गाडीची अवस्था काय सांगावी! वरून रंग बरा होता, पण जागोजाग त्याला फोड आले होते. गंजलेल्या लोखंडाला मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा लागते; म्हणून तो रंगाला आतून वर ढकलतो. लोखंडाला पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र मिळाले की गंज धरतो, आणि पाण्यात मीठ असले की त्याचे काम झपाट्याने होते. समुद्रकाठच्या गाड्या लौकर जातात त्या यामुळेच. अण्णांनी पेचकसाची मूठ दारांखालच्या पट्टीवर ठोकली, तर पेचकसच आत गेला.

येथे या गाडीच्या रचनेविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. मालमोटारीला खाली जाड पोलादाची स्वतंत्र चासी असते. वरची काया गंजली तरी गाडी उभी राहते. फियाट ११०० या गाडीला अशी वेगळी चासी नाही. पत्र्याची काया हाच तिचा सांगाडा. दारांखालच्या पोकळ पेट्या, पायांखालचा पत्रा आणि मधले खांब मिळून साऱ्या गाडीचा भार पेलतात. म्हणजे त्या पेट्यांतील गंज हा कातडीचा रोग नसून हाडांचा रोग होय.

अण्णांनी डाव्या बाजूची सडलेली पेटी छन्नीने आणि ग्राइंडरने कापून काढली, नवा पत्रा वाकवून वेल्डिंग केले, आणि दार लावू गेले तो ते बसेना. दोन बोटांची फट! कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडव्या-तिरप्या पट्ट्या टाकून ती जखडून ठेवावी लागते, नाहीतर काया खचते, हे त्यांना ठाऊक नव्हते. सारे जोडकाम पुन्हा उलगडावे लागले. सहा आठवडे फुकट गेले. त्या दिवशी हातातील पाना खाली ठेवून अण्णा म्हणाले, "भाऊ, सव्वीस वर्षे दारांचे पत्रे दाबले. पण दार कशाच्या आधाराने बसते, हे मला कोणी दाखविले नाही. मीही विचारले नाही."

त्या वाक्याने आमची झोप उडविली. सव्वीस वर्षे दारे करणाऱ्या माणसाला दार कळू नये, ही स्थिती आली कोठून? तिचा माग काढीत आम्हांला अमेरिकेत जावे लागले, अर्थात पुस्तकांतून.

१९०८ साली हेन्री फोर्डने आपली 'मॉडेल टी' ही गाडी बाजारात आणली. १९१३ मध्ये डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्क येथील कारखान्यात त्याने सरकत्या पट्ट्याची जोडणी सुरू केली. पूर्वी एका गाडीच्या चासीची जोडणी करण्यास सुमारे साडेबारा तास लागत. ते काम दीड तासावर आले. हे साधले कसे? काम तोडून. पूर्वीचा कारागीर गाडीभोवती फिरे, आता गाडी कामगारासमोरून सरकू लागली. एकाने बोल्ट घालावा, दुसऱ्याने त्यावर नट चढवावा, तिसऱ्याने तो आवळावा. कामगारांना हे मानवले नाही. १९१३ या एका वर्षात माणसे सोडून जाण्याचे प्रमाण शेकडा ३७० इतके होते. म्हणजे एक जागा भरलेली ठेवण्यासाठी वर्षाकाठी जवळजवळ चार माणसे घ्यावी लागत. तेव्हा जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने दिवसाला पाच डॉलरची घोषणा केली आणि नऊ तासांचा दिवस आठ तासांवर आणला. पगार जवळजवळ दुप्पट झाला. आम्ही कामगार संघटनेची माणसे. पगारवाढीला नावे ठेवणार नाही. पण तो एक सौदा होता, हे विसरता कामा नये. मालकाने पैसा दिला आणि त्या बदल्यात कामाचे ज्ञान आपल्याकडे घेतले.

यातली गंमत पुढेच आहे. ज्या कारखान्याने कामगाराच्या हातातून संपूर्ण काम काढून घेतले, त्याच कारखान्याची गाडी विकत घेणाऱ्याला मात्र संपूर्ण काम करता येत होते! मॉडेल टी अशी साधी होती की, अमेरिकेतला शेतकरी ती आपल्या गोठ्याशेजारी खोलून दुरुस्त करी. तिचे मागचे चाक उचलून त्यावर पट्टा चढवावा आणि करवत चालवावी, पाणी उपसावे, हे तर नित्याचेच होते. १९२७ पर्यंत दीड कोटीहून अधिक मॉडेल टी निघाल्या. त्या जुन्या होऊन कवडीमोलाने विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा कॅलिफोर्नियातील तरुण पोरांनी त्या घेतल्या, अनावश्यक पत्रे उतरविले, इंजिनांत फेरफार केले आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट तळावर त्यांच्या शर्यती लावल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर हा छंद इतका पसरला की, १९४८ च्या जानेवारीत 'हॉट रॉड' नावाचे मासिकच सुरू झाले.

याच कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी वस्त्यांत, आणखी एक परंपरा रुजली. गाडी वेगाने पळविण्यात यांना रस नव्हता. स्प्रिंगा कापून किंवा मागे वाळूची पोती टाकून गाडी रस्त्याला टेकेल अशी खाली आणावयाची, तिला रंगवावयाचे आणि संध्याकाळी कुटुंबासह सावकाश मिरवावयाचे. गोऱ्यांच्या शहरात 'आम्हीही येथलेच' असे सांगण्याची ही एक रीत होती. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला की, चाकाच्या धातूच्या कडेपेक्षा गाडीचा कोणताही भाग खाली असता कामा नये. १९५९ च्या सुमारास रॉन अॅगीरे या तरुणाने विमानांच्या मोडीतील तेलदाबाचे पंप आपल्या कॉर्व्हेट गाडीला बसविले. कळ दाबली की गाडी वर, पुन्हा दाबली की खाली. पोलीस दिसला की गाडी कायदेशीर! अशा गाड्यांच्या मिरवण्यावर शहरोशहरी घातलेली बंदी उठविणारा राज्याचा कायदा १ जानेवारी २०२४ पासून अमलात आला.

आता आपल्याकडे येऊ. अण्णांच्या परसातील गाडीचा इतिहासही कमी रंजक नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी हिंदुस्थानात मोटारीचा कारखाना काढण्याची खटपट दुसऱ्या महायुद्धापूर्वीच आरंभिली होती. परकी सरकारने त्यांना साथ दिली नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिली गाडी बाहेर पडली. तोवर मुंबईत परदेशी कंपन्या सुटे भाग आणून केवळ जोडणी करीत. जनरल मोटर्सचा शिवडीचा जोडणी-कारखाना १९२८ पासून चालू होता. भाग येथेच बनविणार असाल तर राहा, असे स्वतंत्र भारताचे धोरण ठरले, आणि १९५४ मध्ये तो बंद झाला. त्याच वर्षी कुर्ल्यात फियाट ११०० सुरू झाली. चार सिलिंडरांचे १०८९ सी.सी.चे तिचे इंजिन पुढे जवळजवळ तसेच राहिले. १९७० च्या दशकात तिला चितोडच्या राणीवरून 'पद्मिनी' हे नाव मिळाले आणि शतक उलटल्यावरही ती मुंबईची टॅक्सी म्हणून धावत राहिली.

परवाना-पद्धतीच्या त्या काळात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. म्हणून जुनी गाडी टाकून देणे कोणाला परवडत नसे. या टंचाईतून आपल्याकडे एक मोठी पाठशाळा उभी राहिली. तिचे नाव गल्लीतले गॅरेज. कुर्ल्याच्या भंगार बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात, कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्यांनी कधी कागदावरचा नकाशा वाचला नाही अशा माणसांनी भाग घडविले, सिलिंडर पुन्हा कोरले, ठोकून ठोकून पत्रे सरळ केले. तेथील पोऱ्या चहा आणण्यापासून सुरुवात करी आणि दहा वर्षांत अख्खी गाडी खोलून जोडू शके. त्याला पगार तुटपुंजा, भविष्यनिर्वाह निधी नाही, वेळप्रसंगी उस्तादाची चपराकही खावी लागे. त्या व्यवस्थेचे गोडवे आम्ही गाणार नाही. पण कारखान्यातल्या आमच्या सभासदाजवळ जे नव्हते ते त्या पोराजवळ होते.

मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षे ठरलेले. म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. कित्येकांना हळहळ वाटली. आम्हांला टॅक्सीवाल्याची कंबरही आठवते आणि चौकाचौकांतला धूरही आठवतो. जुने ते सोने, असे आमचे म्हणणे नाही. प्रश्न गाडीचा नाही, हातांचा आहे.

अण्णांनी ते हात कमावले. पट्ट्या टाकून चौकट जखडली, एका वेळी एकच बाजू कापली, आणि डावी पूर्ण झाल्यावर उजवी घेतली. गंज पत्र्याचा चकचकीत भाग दिसेतो घासून काढला, मग रेड ऑक्साइड, मग लांबी, मग पाण्याचा कागद, मग रंग. लांबीने भोक बुजविणारे पुष्कळ असतात, अण्णा म्हणत, "भोकावर लांबी म्हणजे खोटी पगारपावती." नुसत्या जॅकच्या भरवशावर ते कधी गाडीखाली शिरले नाहीत, खाली लाकडी ओंडके घातल्याशिवाय नाही. पेट्रोलच्या रिकाम्या टाकीला ज्योत लावू नये, कारण आत उरलेल्या वाफेचा भडका उडतो, हेही ते शिकले. घरी असे काम करू पाहणाऱ्यांनी या दोन गोष्टी गाठीला बांधाव्यात.

स्वतःच्या मनाप्रमाणे बदल मात्र त्यांनी थोडेच केले. आपल्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ बनावटीत मनमानी बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितले. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ मध्ये 'व्हीए' अक्षरांची निराळी नोंदणी निघाली, तीही काया, चासी व इंजिन मूळचे असेल तरच. गाडीतील माणसाच्या आणि रस्त्यावरच्या पादचाऱ्याच्या जिवासाठी हे बंधन योग्यच आहे. अण्णांनी पट्टे बसविले, आणि पुढची बैठक तीन बोटे उंच केली. कारण घरच्या माउलीचे गुडघे दुखतात. खोल बैठकीतून त्यांना उठवत नाही. अबोला धरणाऱ्या त्याच माउली पहिल्या फेरीला पुढे बसल्या. दार एका हलक्या धक्क्याने बसले. अण्णांनी ते तीनदा उघडून लावून पाहिले.

आता आमची चूक. गेल्या तीस वर्षांत आम्ही मागणीपत्रके किती लिहिली, याची गणती नाही. महागाई भत्ता, बोनस, कँटीन, गणवेश, रजा. सारे त्यांत होते आणि ते सारे हवेच. पण शेजारच्या यंत्रावर काय चालते ते मला शिकवा, मी करतो तो तुकडा कोठे बसतो ते मला दाखवा, ही मागणी आम्ही एकदाही लिहिली नाही. १९१४ च्या पाच डॉलरच्या सौद्यावर आम्हीही न वाचता सही केली होती. कारखाना बंद पडला तेव्हा सव्वीस वर्षांच्या नोकरीतून अण्णांच्या हाती दोन बटणे दाबण्याचे कसब तेवढे उरले, आणि ते कोणी विकत घेईना.

यंदाच्या मागणीपत्रकात आम्ही एक नवे कलम घातले: प्रत्येक कामगाराला पाळीपाळीने सर्व यंत्रांचे काम पगारी वेळेत शिकवावे. बोलणीच्या पहिल्याच बैठकीत समोरच्या बाजूने त्यावर काट मारली. आमच्यातलेही काही जण म्हणाले की, हे कलम सोडून द्या, शंभर रुपये वाढवून घ्या. आम्ही त्या सर्वांना एका रविवारी अण्णांच्या परसात नेले आणि दार उघडून लावून दाखविले. ते कलम आम्ही पुन्हा लिहिले आहे.