योगवर्गातील आसनक्रमाचा ऐतिहासिक विकास : महाड व पोलादपूर तालुक्यांच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना :
योगाच्या इतिहासात ग्रंथ, गुरू व संप्रदाय यांची चर्चा विपुल आढळते. तथापि, वर्गात कोणता अभ्यास आधी व कोणता नंतर घ्यावयाचा हा क्रम कसा घडला, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात या क्रमाच्या विकासाचा मागोवा घेऊन महाड व पोलादपूर परिसरातील योगशिक्षकाच्या दृष्टीने त्याचा विचार केला आहे.

ग्रंथांतील क्रम :
हठप्रदीपिकेत आसन, कुंभक, मुद्रा व नादानुसंधान असा क्रम येतो. घेरंडसंहितेत षट्कर्मांपासून समाधीपर्यंत सात साधने सांगितली आहेत. हठप्रदीपिकेनुसार शुद्धिक्रिया मेद व कफ अधिक असणाऱ्यांनी प्राणायामापूर्वी कराव्यात. घेरंडसंहितेत त्या आरंभीच येतात. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक म्हणजे, परंपरेत एकच एक क्रम नव्हता. दुसरी म्हणजे, हा क्रम एका साधकाच्या दीर्घ साधनेचा होता. ठरावीक वेळेच्या सामूहिक वर्गाचा नव्हता. असा वर्ग ही प्रामुख्याने विसाव्या शतकाची निर्मिती होय.

महाराष्ट्रातील प्रयत्न :
या निर्मितीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. स्वामी कुवलयानंद (१८८३-१९६६) यांनी १९२४ मध्ये लोणावळे येथे कैवल्यधाम स्थापन केले. बडोद्यास प्रा. माणिकराव यांच्याकडे व्यायामाचे शिक्षण घेतलेल्या कुवलयानंदांना सामूहिक कवायतीची शिस्त परिचित होती. त्यांनी एकीकडे आसनांचे शरीरावरील परिणाम प्रयोगशाळेत तपासले, तर दुसरीकडे सामान्य प्रकृतीच्या व्यक्तीस झेपतील असे अभ्यासक्रम आखले. याच सुमारास औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. सूर्यनमस्कारात शरीर पुढे व मागे वाकविण्याचा क्रम आधीच बांधलेला असल्याने तो शाळांमध्ये शिकविणे सुलभ होते.

बी. के. एस. अय्यंगार (१९१८-२०१४) हे म्हैसूर येथे टी. कृष्णम्माचार्य यांच्याकडे शिकून १९३७ मध्ये पुण्यास आले. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात तीनशे आठवड्यांचा अभ्यासक्रम दिला आहे. तो उभ्याने करावयाच्या आसनांपासून सुरू होतो. दोर, पाट, खुर्ची अशा साधनांच्या साहाय्याने त्यांनी आसन व्यक्तीच्या क्षमतेस अनुरूप केले. थोडक्यात, कुवलयानंदांनी समूहासाठी क्रम आखला, तर अय्यंगारांनी त्या क्रमात व्यक्तीला स्थान दिले.

स्थानिक संदर्भ :
२०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून साजरा होतो. त्यासाठी आयुष मंत्रालयाने तयार केलेल्या सामायिक कार्यक्रमात शिथिलीकरण, उभी, बैठी, पोटावरील व पाठीवरील आसने, नंतर प्राणायाम व ध्यान असा क्रम आहे. एकाच वेळी हजारो लोकांनी करण्यासाठी तो सोयीचा आहे. मात्र तोच वर्षभराचा पाठ ठरू लागल्यास शिक्षकाचा विवेक मागे पडतो.

महाड-पोलादपुरात जून-जुलै हे मुसळधार पावसाचे व भातशेतीचे दिवस असतात. लावणी करणाऱ्या स्त्रिया तासन्‌तास चिखलात कमरेत वाकून उभ्या असतात. अशा अभ्यासार्थीस संध्याकाळच्या वर्गात प्रथम पादहस्तासन देणे म्हणजे दिवसभराचा ताण पुन्हा वाढविणे होय. तिला आधी पाठीवर निजून विश्रांती, नंतर सौम्य भुजंगासन व शेवटी दीर्घ शवासन अधिक उपयुक्त ठरेल. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून आलेल्या कामगाराचा पाठ याहून वेगळा असेल. महाविद्यालयीन विद्यार्थ्याचा तर निराळाच. बसून अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यास उभ्या आसनांनी केलेला आरंभ योग्य होय.

समारोप :
आसनक्रम हा स्थिर वारसा नसून प्रत्येक काळातील शिक्षकांनी आपल्यासमोरील अभ्यासार्थी पाहून घेतलेला निर्णय आहे, असे या आढाव्यावरून दिसते. म्हणून योगशिक्षकांच्या प्रशिक्षणात आसनांच्या प्रात्यक्षिकाबरोबर पाठनियोजनालाही स्थान असावे आणि त्या नियोजनात ऋतू, व्यवसाय व वय यांची नोंद आवश्यक मानावी. क्रम पाठ करणारा शिक्षक वर्ग पार पाडतो. क्रमामागील कारण जाणणारा शिक्षक अभ्यासार्थीचे शरीर जपतो.