लावलेली सावली

पावसाळ्याच्या तोंडाला पुण्याची मंडळी शिरूर तालुक्यातल्या मोराच्या चिंचोलीला जातात, ती मोर बघायला. पहाटे बांधावर, पडीक तुकड्यात, कधी थेट घराच्या पत्र्यावर मोर दिसतो. फोटो निघतात, पिठलं-भाकरी होते आणि गाडी परत फिरते. ज्या चिंचांवर हे मोर रात्र काढतात, त्यांच्याकडे मान वर करून बघणारे थोडे. ही झाडं पेशवाईत लावली गेली, असं गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. लांडोर अंडी घालते जमिनीवर, झुडपाच्या आडोशाला उकरलेल्या खळग्यात. मोर दाणे आणि किडे टिपतो मोकळ्या रानात. पण अंधार पडला की त्याला उंच, जुनं झाड लागतं. माळाच्या मुलखात असं झाड म्हणजे कुणीतरी लावलेलं आणि जगवलेलं झाड.

शिरूर आणि शेजारचा दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग रिते होतात आणि इथवर येईतो वर्षाकाठी जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस उरतो. घोड, भीमा आणि मुळा-मुठेच्या काठची काळी जमीन सोडली, तर बाकी सगळा मुरमाड माळ. कुसळी गवत, बोरी, हिवर, बाभळी, मध्येच एखादा कडुनिंब. इथं पूर्वी घनदाट जंगल होतं आणि माणसानं ते तोडून माळ केला, असं बरेच जण गृहीत धरतात. पण अभ्यासकांनी अलीकडे मध्ययुगीन मराठी वाङ्मयातले झाडाझुडपांचे उल्लेख गोळा करून पश्चिम महाराष्ट्राचा पूर्वेकडचा हा पट्टा कित्येक शतकं असाच विरळ झाडांचा, गवताचा होता, हे दाखवलं आहे. या मुलखातल्या बागेचा इतिहास समजून घ्यायचा तर ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. कोकणात झाड आवरावं लागतं. इथं ते आणावं लागतं.

आणि आणलं ते ठरलेल्या जागीच. विहिरीच्या थारोळ्याशी आंबा, देवळासमोर पिंपळ, वेशीवर वड, मळ्याच्या बांधाला चिंच आणि कवठ. जिथं पाणी सांडतं, माणसं टेकतात, बैलं सोडली जातात, तिथं सावली धरली गेली. अशा झाडाची किंमत राज्यकर्त्यांनाही माहीत होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या, १७१५-१६च्या सुमाराच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाचा विषय निघतो, तेव्हा रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, अशी स्पष्ट ताकीद आहे. कारणही दिलं आहे: ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती पोटच्या लेकरासारखी बहुत काळ जतन करून वाढवलेली असतात. कारभाराच्या कागदात इतका जिव्हाळा क्वचितच सापडतो.

सावलीत वाढणाऱ्या रोपांची बाग, म्हणजे रानबाग, म्हटलं की हल्ली रोपवाटिकेतल्या परदेशी पानांच्या कुंड्या डोळ्यांसमोर येतात. दख्खनच्या बागाईत पट्ट्यांना मात्र अशी बाग शेकडो वर्षं ठाऊक आहे. तिचं नाव पानमळा. नागवेलीला ऊन सोसत नाही आणि वाराही सोसत नाही. म्हणून माळी आधी शेवरी, शेवगा, पांगारा, हादगा अशी भराभर वाढणारी झाडं ओळीनं लावत, ती जरा वर आली की त्यांच्या बुडाशी वेल सोडत आणि चहूबाजूंनी दाट कुंपण करत. वर विरळ पानांचं छत, मध्ये वेल, खाली मोटेच्या पाण्यानं कायम ओलसर राहणारी माती. पाटाच्या कडेला अळू आणि हळद. भर एप्रिलमध्ये बाहेर माळ तापलेला असताना पानमळ्यात शिरलेल्या माणसाला अंगावर गारवा जाणवे. रानबाग कशी उभी करावी याचा इतका नेमका धडा दुसरीकडे शोधायची गरज नाही.

या बागांमधल्या पाखरांची पहिली शास्त्रीय नोंद मुंबई सरकारच्या एका लष्करी अधिकाऱ्यानं केली. विल्यम हेन्री साइक्स १८२४ मध्ये दख्खनचा सांख्यिकी अधिकारी म्हणून नेमला गेला. गावोगावची जमीन, पिकं, लोकसंख्या मोजत फिरताना त्यानं पक्षीही टिपले आणि १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनमध्ये प्रसिद्ध केली. त्या यादीत दोन जगं शेजारी शेजारी आहेत. माळावरचा लावा आणि आज त्याच्याच नावानं ओळखला जाणारा चंडोल हे उघड्या रानाचे रहिवासी. विहिरीच्या काठी ध्यान लावून बसणारी ढोकरी आणि बागेच्या झुडपात पानं शिवून घरटं करणारा राखी वटवट्या हे लावलेल्या सावलीचे आणि साठवलेल्या पाण्याचे. या चौघांनाही शास्त्रीय नावं साइक्सनंच दिली. मळा आणि माळ यांच्यातलं अंतर कधी कधी फक्त एका बांधाचं असे, आणि पाखरं ते अंतर बरोबर ओळखत.

एकोणिसाव्या शतकात सावली रस्त्यावर आली. घोडनदीला, म्हणजे शिरूरला, इंग्रजांची छावणी होती, आणि पुणे–शिरूर–नगर हा लष्कराच्या ये-जा करण्याचा मार्ग झाला. दख्खनमधल्या अशा रस्त्यांच्या दुतर्फा वड, चिंच, कडुनिंब, आंबा लावले गेले. वडाची मनगटाएवढी फांदी पावसाच्या तोंडावर रोवायची, भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालून शेळ्यांपासून राखायची आणि पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यायचं, ही जुनी रीत.

त्याच शतकाच्या शेवटी पडलेल्या दुष्काळात दौंड तालुक्यातल्या केडगावानं जे पाहिलं, ते बागांच्या इतिहासात आवर्जून नोंदवायला हवं. पंडिता रमाबाईंनी तिथं शंभरेक एकर माळजमीन घेतली होती. विहिरी खणून फळझाडं लावायची आणि त्या उत्पन्नावर आपली शारदा सदन ही संस्था चालवायची, असा त्यांचा हिशेब होता. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणल्या. त्याच सुमाराला पुण्यात प्लेग आला, शहरात इतक्या जणींना ठेवणं अशक्य झालं आणि केडगावच्या मळ्यातच तंबू-झोपड्यांत त्यांची सोय करावी लागली. उत्पन्नासाठी घेतलेला मळा असा शेकडो मुलींचा आसरा झाला. ‘मुक्ती’ ही त्यांची संस्था उभी राहिली ती याच जमिनीवर.

पाखरांच्या घरांचं काय? या भागातल्या जुन्या घरांना ती वेगळी टांगावी लागत नसत. माळवदाच्या तुळयांमधल्या सांदी, भिंतीतले कोनाडे, वळचण, सगळीकडे चिमण्यांचा संसार. सुगी झाली की ज्वारी-बाजरीच्या कणसांचं झुंबर पडवीत लटकवायचं, ते त्यांच्यासाठीच. सुगरणीला तर विहिरीवर झुकलेली बाभूळ पुरे. माळवद गेलं, स्लॅब आला आणि सांदी बुजल्या. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांसाठी लाकडी घरट्यांची मोहीम चालवली आणि त्यांच्या संस्थेच्या पुढाकारानं २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जाऊ लागला, तो याच पार्श्वभूमीवर.

बाजारात मिळणारी रंगीत, नक्षीदार घरटी शोभेला छान दिसतात, पण पाखराच्या दृष्टीनं पत्र्याचं घरटं मे महिन्यात भट्टी होतं आणि भडक रंग मांजराला-कावळ्याला पत्ता सांगतो. चिमणीला साधं जाड लाकूड, साधारण ३२ मिलिमीटरचं भोक, पश्चिमेच्या उन्हाला पाठ आणि शेजारी आणखी दोन-चार घरटी लागतात, कारण तिला वस्तीत राहायची सवय आहे. भोकाखाली बसायची दांडी नसलेलीच बरी, तिचा उपयोग शिकाऱ्यालाच होतो. शिवाय पेटीत राहणारी पाखरं मुळात मोजकीच: चिमणी, साळुंकी, दयाळ. वटवट्या, शिंजीर, सुगरण यांना पेटीचा काही उपयोग नाही. त्यांना अडुळशाची दाट जाळी, लोंबती फांदी, काटेरी शेंडा हवा. तांबट वाळलेल्या फांदीत स्वतःचं भोक कोरतो, म्हणून पांगाऱ्याची किंवा शेवग्याची वठलेली फांदी छाटण्याची घाई करू नये. जुन्या झाडाच्या ढोलीत पोपट, पिंगळा राहतात, आणि राखी धनेशाची मादी ढोलीचं तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते. नर फटीतून तिला भरवतो. तेवढी ढोली पडायला झाडाचं वय पन्नास-शंभर वर्षं व्हावं लागतं. रस्ते रुंद करताना जे वड आणि चिंचा जातात, त्यांच्याबरोबर या ढोल्याही जातात, आणि बदली लावलेलं रोप ती उणीव आजच्या पाखरांच्या हयातीत भरून काढत नाही.

आज कालवे, शेततळी आणि ठिबक यांमुळे शिरूर-दौंडमध्ये रानबाग करणं पूर्वीपेक्षा कितीतरी सोपं झालं आहे. त्यातूनच एक नवा धोकाही आला आहे: दिसेल त्या माळावर खड्डे घेऊन गिरिपुष्पाची दाट लागवड करण्याचा. दौंडला लागूनच, बारामती तालुक्यातल्या सुप्याजवळ १९९७ मध्ये मयुरेश्वर अभयारण्य झालं. अवघ्या पाचेक चौरस किलोमीटरांच्या त्या माळावर चिंकारा राहतो, कारण तिथं गवत आहे आणि नजर लांबवर जाते. चंडोलालाही तेच हवं. तेव्हा नवी चिंच, नवा वड लावायचा तो विहिरीपाशी, घराच्या मागं, बांधाच्या कडेला, जुन्यांनी लावला तिथंच. खाली अळू, हळद, अडुळसा. पडलेला पाचोळा झाडून जाळायचा नाही, सातभाई त्यातच किडे शोधत फिरतात. आणि कुंपणापलीकडचा कुसळीचा माळ आहे तसा ठेवायचा.