पुत्राजायातला बुधवार

बुधवार, ३० मे २००७. मलेशियातल्या पुत्राजाया शहरात, घुमटांच्या भव्य न्यायालयाबाहेर तुम्ही उभे आहात. दमट हवेने कपडे अंगाला चिकटलेत. भोवती शे-दोनशे माणसं, सगळी तुमच्यासारखीच मलय, निकालाची वाट पाहत ताटकळलेली. तुमचा एक हात सारखा खिशाकडे जातोय. खिशात ओळखपत्र आहे: फोटो, बारा आकडी क्रमांक, पत्ता आणि 'इस्लाम'. तुम्ही बाप्तिस्मा घेतलाय, हे या गर्दीत कुणाला ठाऊक नाही. गावाकडे आईलाही नाही.

आत निकाल लागणार आहे तो लीना जॉयचा. जन्मनाव अझलिना जैलानी, जन्म १९६४ चा, मुस्लिम घरातला. १९९८ मध्ये क्वालालंपूरला एका कॅथलिक चर्चमध्ये तिने बाप्तिस्मा घेतला. नोंदणी खात्याने नाव बदलून दिलं, पण कार्डावरचा 'इस्लाम' खोडायला नकार दिला. आधी शरिया न्यायालयाकडून धर्म सोडल्याचा दाखला आणा, म्हणे. आणि काही राज्यांत धर्म सोडणं हाच गुन्हा! म्हणजे दाखला मागायला जायचं ते गुन्हा कबूल करायलाच. कार्ड बदलत नाही तोवर ख्रिस्ती जोडीदाराशी तिचं लग्नही होत नाही, कारण बिगरमुस्लिमांच्या विवाहाचा कायदा तिला लागूच होत नाही. तिला केव्हाच लपून राहावं लागलंय. गेल्या वर्षी तर या खटल्याशी जोडलेल्या मलिक इम्तियाज सरवर या वकिलाच्या जिवावर उठलेली पत्रकं फिरली होती.

निकाल येतो. दोन विरुद्ध एक. सरन्यायाधीश अहमद फैरूझ आणि दुसऱ्या न्यायमूर्तींनी अपील फेटाळलं. 'अल्लाहू अकबर'चा गजर उठतो, शेजारचा तरुण आनंदाने तुमचा हात दाबतो. तुम्हीही त्याचा हात दाबता. दुसरं काय करणार? साबा राज्यातून आलेले न्यायमूर्ती रिचर्ड मलांजुम यांनी मात्र वेगळं मत नोंदवलंय: असा दाखला मागणं अवाजवी आहे, भेदभावाचं आहे.

आता पन्नास वर्षं मागे चला. १९५७, देश नुकता स्वतंत्र होतोय. राज्यघटनेच्या १६० व्या कलमात मलय कोण हे ठरतं: जो इस्लाम मानतो, नेहमी मलय बोलतो आणि मलय रीतिरिवाज पाळतो. याच घटनेचं अकरावं कलम प्रत्येकाला आपापला धर्म पाळण्याचा हक्क देतं. लीना जॉय या दोन कलमांच्या मधोमध सापडली, आणि तिच्यासोबत तुम्हीही.

तुमची बोली गेली का? रीत गेली? हरी रायाला, म्हणजे ईदला, तुम्ही अजून केलांतानला घरी जाता. माडाच्या कोवळ्या पात्या विणून भाताचे केतुपात करता, आईपुढे गुडघे टेकून वर्षभराच्या चुकांची माफी मागता, तिचा हात कपाळाला लावता. मला विचाराल तर यातला सगळ्यात मोठा अन्याय इथे आहे. माणसाने श्रद्धा बदलली तर बदलली. त्यासाठी त्याला आईच्या अंगणातून उठवायचा अधिकार कुठल्या कलमाला असावा? मलय ख्रिस्ती हा मलयच आहे. कायद्याने ते मान्य करायलाच हवं.

३ जूनचा रविवार. क्वालालंपूरच्या चर्चमधली मलय भाषेतली उपासना. बाकांवर बहुतेक साबा-सारावाकची माणसं; पिढ्यान्‌पिढ्यांचे ख्रिस्ती, मलय बोलणारे, पण कायद्याच्या लेखी मलय नव्हेत. इथे भाषाच तुमचं पांघरूण असते. पाद्रीही तुमच्या बाबतीत जपून असतात, कारण बहुतेक राज्यांत मुस्लिमांमध्ये धर्मप्रसार करायला बंदी आहे. उपासना संपल्यावर चहाच्या टेबलाशी एक साबाची बाई विचारते, "कुठल्या गावचे?" नेहमी तुम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेता. आज तोंड उघडता आणि केलांतानचा हेल लपत नाही. ती क्षणभर बघते, मग आवाज खाली आणते: "शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे जेवायला या. तुमच्या गावाकडचे आणखी दोघं असतात."

तुम्ही पत्ता लिहून घेत नाही, पाठ करून ठेवता.