परधानाच्या किंगरीची कुळकथा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती-कोरपन्याच्या डोंगरपट्ट्यात नवखा गोंड पाहुणा आला की आडनावापाठोपाठ विचारणा होते, देव किती? त्याचे कुळ चार, पाच, सहा की सात देव पूजते, यावरून तो भाऊबंद की सोयरा हे ठरते. देवांचा आकडा सारखा असला तर सोयरीक होत नाही. गाव सुटले, नदी ओलांडली तरी हा आकडा माणसाबरोबर जातो. पण पाच पिढ्यांमागचा पूर्वज कोण आणि तो कुठून निघाला, हे विचारायचे तर परधानच गाठावा लागतो.

परधान म्हणजे गोंडांचे वंशगायक. त्यांच्या उगमाची कथा अशी सांगतात: सात गोंड भावांनी बडादेवाची पूजा मांडली, पण देव काही येईना. धाकट्याने वाद्य वाजवून गाणे म्हटले, तेव्हा कुठे देव उतरला. तेव्हापासून धाकट्याने गायचे आणि थोरल्यांनी त्याला पोसायचे असे ठरले. हे वाद्य म्हणजे किंगरी: कातड्याने मढवलेले खोड, तीन तारा आणि गज. घराण्यागणिक ठरलेला परधान असे. यजमानाकडे मृत्यू झाला की तो येई, मृताला कुळाच्या पेनाकडे, म्हणजे देवाकडे, पोचवणारे विधी होत आणि कुळाची कथा गायली जाई. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांचा आद्य पुरुष लिंगो याचे गीत परधानाकडूनच टिपून घेतले. रिचर्ड टेंपल यांनी ते 1866 साली छापले.

इतरत्र पूर्वज कागदात सापडतात. नेदरलँड्समधून मिशिगनला गेलेल्या घराण्यांचे वंशज नेपोलियनच्या काळात, 1811 च्या सुमारास, सुरू झालेल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी उघडून मूळ गाव शोधतात. आमच्याकडे तशी सोय नाही. आज चंद्रपूर जिल्ह्यात असलेला राजुरा तालुका 1956 पर्यंत निजामी राजवटीतून आलेल्या अदिलाबाद जिल्ह्यात होता. जुने महसुली कागद उर्दूत आणि जिल्ह्याचे ठिकाण आज दुसऱ्या राज्यात. जमातीच्या दाखल्यासाठी मात्र 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. परधानाचे गाणे हा काही कचेरीत चालणारा पुरावा नव्हे. तरी आजोबा कोणत्या गावचे हे त्यातून कळले, तर कागद कुठे शोधायचा हे तरी समजते. म्हणून किंगरी वाजवणारे हात आहेत तोवर एकेका कुळाची कथा ध्वनिमुद्रित व्हायला हवी, आणि ती प्रत त्या कुळाच्या घरी राहायला हवी.

गोंडांच्या मेश्राम कुळाचा ठावठिकाणा मात्र अजून एका जागी लागतो. पौष अमावास्येला अदिलाबादच्या केस्लापूरला नागोबाची जत्रा भरते. मेश्राम पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात, त्याने नागोबाची पूजा होते. तेलंगणातले आणि महाराष्ट्रातले भाऊबंद जमतात, नव्या सुनांना देवापुढे नेऊन कुळात घेतात. या विधीला भेटिंग म्हणतात. मेश्रामांचे परधानही तिथे असतात. चंद्रपूरच्या ज्या मेश्रामाला आपली शाखा ठाऊक नाही, त्याने आजोबाचे नाव घेऊन त्या दिवशी तिथे जावे.