बचावाचा कर्णधार : विजय हजारे

क्रीडालेखनात ‘बचावात्मक’ हे विशेषण बहुधा उणेपणा दाखवण्यासाठीच येते. विजय हजारे यांची कारकीर्द पाहिली की या शब्दाचे मोल पुन्हा तपासावेसे वाटते.

सांगलीच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबात १९१५ साली जन्मलेले हजारे मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेत ‘रेस्ट’ संघाकडून खेळत. १९४३-४४ मध्ये हिंदू संघाविरुद्ध त्यांच्या संघाने ३८७ धावा केल्या. त्यांतील ३०९ एकट्या हजारे यांच्या. कोसळता डाव एका टोकाने धरून ठेवणे हे काम तेव्हापासूनच त्यांच्या वाट्याला आले. जानेवारी १९४८ मध्ये अॅडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध त्यांनी ११६ आणि १४५ धावा केल्या. एका कसोटीच्या दोन्ही डावांत शतके करणारे ते पहिले भारतीय. पहिल्या डावात त्यांच्याबरोबर शतक झळकावणारे दत्तू फडकर हे मूळचे कोल्हापूरचे. तरीही भारत एका डावाने हरला.

१९५१ मध्ये हजारे कर्णधार झाले. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने आपल्या पंचविसाव्या कसोटीत पहिला विजय मिळवला. विनू मंकड यांनी सामन्यात १२ बळी घेतले. त्यानंतर चारच महिन्यांनी लीड्सला दुसऱ्या डावात भारताची अवस्था शून्यावर चार बाद अशी झाली. अशा वेळी हजारे मैदानात उतरले. त्यांनी ५६, फडकरांनी ६४ धावा केल्या आणि दोघांनी १०५ धावांची भागीदारी रचली. सामना वाचला नाही, लाज वाचली.

१४ कसोटींच्या नेतृत्वात विजय एकच. कर्णधारपदाच्या ओझ्यामुळे हजारे यांच्यातील फलंदाजाचे नुकसान झाले, असे विजय मर्चंट यांचे मत होते. अबोल, संकोची स्वभावाच्या माणसाला ते पद मानवले नसावे. एका बळीसाठी चार धावा पणाला लावण्याची वृत्ती कर्णधाराला लागते. तटबंदी राखण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला ती सहज साधत नाही. एका भूमिकेतला गुण दुसऱ्या भूमिकेत मर्यादा ठरतो, तो असा.

पण म्हणून त्या गुणाला भित्रेपणा म्हणता येणार नाही. इतिहास विजयांची नोंद ठेवतो. जे ढासळू दिले नाही, त्याची नोंद धावफलकावर वेगळी मांडलेली नसते. ती वाचकालाच शोधून काढावी लागते.